माराकानाचे दरवाजे कोणासाठी? एका स्टेडियमच्या 'तयारी'चा इतिहास



१३ जुलै २०१४. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात पोरांनी टीव्ही लावला होता. फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना, रिओ द जनेरोचे माराकाना स्टेडियम. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरत होता तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले, "ब्राझीलमध्ये तर काळी माणसं खूप आहेत ना? मग इथं सगळे गोरेच कसे काय बसलेत?"

"परदेशी पाहुणे असतील," असे सांगून आम्ही त्याला गप्प केले. ते उत्तर अर्धेच खरे होते. परदेशी पाहुणे होतेच, पण ब्राझीलचे स्वतःचे सामने ज्या स्टेडियममध्ये झाले तिथेही प्रेक्षकांचा रंग फारसा वेगळा नव्हता आणि त्यावर खुद्द ब्राझीलमध्ये चर्चा झाली. २०१० च्या जनगणनेत त्या देशात स्वतःला काळे किंवा मिश्रवर्णीय म्हणवणाऱ्यांचे प्रमाण ५०.७ टक्के होते. म्हणजे देशातला बहुजन तोच. मग देशाच्या सर्वांत मोठ्या उत्सवात तो बाहेर का?

या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही शंभर वर्षे मागे गेलो. जे हाती लागले ते आज मांडतो आहोत. एखादे शहर स्पर्धेसाठी स्टेडियम 'तयार' करते तेव्हा सिमेंट, गवत आणि दिवे यांच्यासोबत आणखी एक गोष्ट तयार होत असते. आत कोण बसेल, कुठे बसेल आणि बाहेर कोणाला काढायचे याची यादी. माराकानाचा इतिहास म्हणजे या यादीचा इतिहास आहे.

आपल्याला ब्राझीलशी काय देणेघेणे?

असा प्रश्न आपल्यातलेच काही जण विचारतात. उत्तर सोपे आहे. बाबासाहेबांनी अस्पृश्यता आणि गुलामगिरी यांची तुलना करून लिहिले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र पाठवले. १९७२ साली मुंबईतल्या आपल्या तरुणांनी संघटनेचे नाव घेतले तेच ब्लॅक पँथरवरून. जगातल्या शोषितांचा इतिहास वाचणे ही आपली जुनी सवय आहे, चैन नव्हे.

आणि या इतिहासात ब्राझीलचे पान सर्वांत मोठे आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली सुमारे ४८ लाख माणसे या एका देशात उतरवली गेली. इतकी माणसे दुसऱ्या कोणत्याही देशात नेली गेली नाहीत. १३ मे १८८८ रोजी तिथे गुलामगिरी कायद्याने संपली. अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. मुक्त झालेल्यांना ना जमीन मिळाली, ना भरपाई, ना शाळा. रिओच्या टेकड्यांवर आणि रेल्वेमार्गांच्या कडेने ज्या झोपडवस्त्या उभ्या राहिल्या त्यांना तिकडे फवेला म्हणतात. 'आजपासून तुम्ही मोकळे' एवढे कागदावर सांगून सोडून दिलेल्यांना शहराने दिलेली जागा म्हणजे फवेला.

१९१९: साहेबांच्या क्लबचे मैदान

रिओमध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी पहिले मोठे स्टेडियम तयार झाले ते १९१९ साली, दक्षिण अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेसाठी. लारांजेरास या भागात, फ्लुमिनेन्स या श्रीमंतांच्या क्लबच्या जागेवर. फुटबॉल तेव्हा ब्राझीलमध्ये इंग्रजांकडून शिकलेल्या घरंदाज गोऱ्या पोरांचा खेळ होता. याच क्लबबद्दल असे सांगितले जाते की, त्यांचा एक मिश्रवर्णीय खेळाडू सामन्याआधी तोंडाला तांदळाची पावडर लावून उतरायचा आणि घाम आला की प्रेक्षक चिडवायचे. ही कथा थोडी मीठमसाला लावलेली असेलही. पण ती शंभर वर्षे टिकली, कारण ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला खरी वाटत आली.

त्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत उरुग्वेविरुद्ध एकमेव गोल केला आर्थर फ्रीडेनराइख याने. वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. म्हणजे श्रीमंतांच्या मैदानावर देशाला पहिले मोठे यश मिळवून दिले ते एका काळ्या आईच्या मुलाने. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. क्लबांचे दरवाजे मात्र होते तसेच बंद राहिले.

आपल्याला हे ऐकून पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करणारे चांभार समाजातले बाळू हिंदूंच्या संघाकडून गोलंदाजी करत. बळी घ्यायला ते चालत, पण चहाच्या वेळी त्यांचा कप वेगळा आणि जागा बाहेर. घाम चालतो, स्पर्श चालत नाही. समुद्र ओलांडला तरी हा नियम बदलत नाही.

१९२७: स्वतःच्या पैशाने उभे केलेले उत्तर

१९२३ साली वास्को द गामा या क्लबने रिओची स्पर्धा जिंकली. पोर्तुगीज स्थलांतरित दुकानदारांनी काढलेला हा क्लब. त्याच्या संघात काळे, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे असे कष्टकरी घरांतले खेळाडू होते. श्रीमंत क्लबांना हे सोसवले नाही. १९२४ साली त्यांनी नवी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली की तुमच्या १२ खेळाडूंना काढा, मग या. कारण काय दिले? त्यांची जात, म्हणजे रंग, उघडपणे सांगितला नाही. त्यांचे व्यवसाय, त्यांचे शिक्षण, त्यांची 'सामाजिक स्थिती' पुढे केली. आणि तुमच्याकडे स्वतःचे योग्य स्टेडियम नाही, हेही ऐकवले.

इथे आपण थोडे थांबू या. रंग न म्हणता 'सामाजिक स्थिती' म्हणायचे. जात न म्हणता 'मेरिट' म्हणायचे, 'कल्चर' म्हणायचे. ही भाषा आपल्याला परिचयाची आहे की नाही?

७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कळवले की, आमच्या विजयात ज्यांचा वाटा आहे त्या खेळाडूंना काढून आम्हाला तुमच्या संघटनेत यायचे नाही. नंतर सभासदांकडून वर्गणी गोळा झाली आणि २१ एप्रिल १९२७ रोजी साओ जानुआरिओ हे स्टेडियम उघडले. ते तेव्हा ब्राझीलमधले सर्वांत मोठे स्टेडियम होते.

तारीख पुन्हा वाचा. त्याच्या एकच महिना आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या पाण्यापर्यंत पोचले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही आणि आम्ही तो ओढूनताणून जोडत नाही. महाड हा नागरी हक्काचा संग्राम होता. वास्कोचे पाऊल एका क्लबपुरते होते आणि तो क्लब काळ्यांनी काढलेलाही नव्हता. पण 'तुमच्याकडे जागा नाही' म्हणणाऱ्यांना जागा उभी करून उत्तर देणे, हा मार्ग आपल्याला ओळखीचा आहे. वसतिगृहे, सिद्धार्थ कॉलेज, मिलिंद महाविद्यालय यांच्यामागे हाच विचार होता.

१९५०: दोन लाखांचे स्टेडियम आणि एक गुन्हेगार

दुसऱ्या महायुद्धानंतरचा पहिला विश्वचषक १९५० साली ब्राझीलला मिळाला. त्यासाठी रिओने जगातले सर्वांत मोठे स्टेडियम बांधायला घेतले. जागा होती घोड्यांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानाची, शहराच्या उत्तर भागात, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांना लागून. ऑगस्ट १९४८ मध्ये पायाभरणी झाली आणि दोन वर्षांच्या आत, १६ जून १९५० रोजी ते उघडले. काही ठिकाणी बांधकामाच्या पराती तेव्हा उतरल्याही नव्हत्या. नाव पडले माराकाना. हा मूळनिवासींच्या तुपी भाषेतला शब्द, एका जातीच्या पोपटाचे नाव. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या स्टेडियमसाठी ज्याने वर्तमानपत्रातून जोरदार मोहीम चालवली तो पत्रकार मारिओ फिल्हो. आज स्टेडियमचे अधिकृत नाव त्याचेच आहे. १९४७ साली त्याने ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या काळ्या माणसावर एक पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे साधारण असे की, फुटबॉलने काळ्या-गोऱ्यांना एकत्र आणले आणि वर्णभेदाचा प्रश्न सुटत आला. त्या काळी ब्राझीलचे अनेक विचारवंत 'आमच्याकडे वांशिक लोकशाही आहे' असे जगाला सांगत होते. आपण या विचाराला ओळखतो. आपल्याकडे त्याचे नाव समरसता. एका पंगतीत बसल्याचा फोटो काढायचा आणि जमीन, नोकरी, सत्ता यांचा विषय निघाला की पंगत उठवायची.

१६ जुलै १९५० रोजी या पंगतीची परीक्षा झाली. उरुग्वेविरुद्ध निर्णायक सामना. तिकिटे घेतलेलेच १,७३,८५० प्रेक्षक आणि एकूण गर्दी दोन लाखांच्या आसपास. म्हणजे शहरातल्या दर बारा माणसांमागे साधारण एक जण स्टेडियममध्ये. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. पण सामना संपायला अकरा मिनिटे असताना उरुग्वेच्या गिजियाने दुसरा गोल केला आणि ब्राझील १-२ ने हरला.

दोष कोणाला दिला? गोलरक्षक मोआसीर बार्बोसा आणि बचावफळीतले बिगोदे व जुवेनाल यांना. तिघेही काळे किंवा मिश्रवर्णीय. हल्ला करणाऱ्यांनी दुसरा गोल केला नाही, प्रशिक्षकाचे डावपेच चुकले, पुढाऱ्यांनी सामन्याआधीच विजयाची भाषणे ठोकली, हे सगळे मागे पडले. काळ्या माणसाला दडपण झेपत नाही असा 'सिद्धांत' निघाला. गंमत अशी की, त्या दिवशी दोन लाख लोकांच्या गोंगाटात डोके शांत ठेवून संघाला सावरणारा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला हाही आफ्रिकी वंशाचाच होता. समोर धडधडीत पुरावा असूनही सिद्धांत टिकला, कारण तो पुराव्यावर उभाच नव्हता.

बार्बोसा वास्कोचा खेळाडू, त्या काळातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक. उरलेले आयुष्य तो या एका गोलाची शिक्षा भोगत राहिला. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाच्या सरावाला भेट द्यायला गेला, तर त्याला अपशकुनी समजून आत येऊ दिले नाही. ब्राझीलच्या कायद्यात गुन्ह्याला जास्तीत जास्त तीस वर्षांची शिक्षा आहे, मी पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे तो बोलला होता. २००० साली तो गेला. त्याच्यानंतर विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून काळा खेळाडू दिसायला २००६ साल उजाडावे लागले. तो दिदा. जिंकलो तर 'आपण सगळे', हरलो तर 'ते काळे'. समरसतेचा हिशोब असाच असतो.

जेराल: आत, पण खाली

आता स्टेडियमच्या आत जाऊ या. माराकानामध्ये वर्तुळाकार तीन थर होते. वर पायऱ्यांची मोठी गॅलरी, मधे खुर्च्या आणि सर्वांत खाली, मैदानाला लागून, उभे राहण्याची जागा. तिला जेराल म्हणत, म्हणजे 'सर्वसाधारण'. तिथे तिकीट सर्वांत स्वस्त. हमाल, गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया, बेकार पोरे, फवेलातली माणसे तिथे यायची. वेशभूषा करून यायची, नाचायची, रेडिओ कानाला लावून सामना 'ऐकायची', कारण तिथून नीट दिसत नसे. जमीन इतकी खाली की खेळाडूंचे पाय तेवढे दिसायचे. ऊन आणि पाऊस थेट डोक्यावर. वरून लोक काय काय फेकायचे ते लिहिण्यासारखे नाही.

ब्राझीलमधले अनेक लेखक आज जेरालच्या आठवणीने हळवे होतात. आम्ही मात्र सावध आहोत. गरिबाला आत घेतले हे खरे. पण कुठे? सर्वांत खाली, वरच्यांच्या पायाशी. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाच्या वर कोणीतरी, प्रत्येकाच्या खाली कोणीतरी. जुने माराकाना हे त्या विषमतेचे सिमेंटमधले चित्र होते. म्हणून 'जुने दिवस चांगले होते' हे म्हणणे आम्ही स्वीकारत नाही.

तरीही एक फरक मानावा लागतो. खाली उभा असलेला माणूस आत होता. त्याचा आवाज मैदानावर पोचत होता. पुढच्या तयारीत तोच पुसला गेला.

२०१०-१३: 'जागतिक दर्जा'

२००५ साली जेराल बंद झाली. सगळ्यांना बसायला खुर्ची हवी, सुरक्षितता हवी, आंतरराष्ट्रीय नियम तसा आहे, हे कारण दिले गेले. या कारणात तथ्य होते. १९९२ साली सामन्याआधी एक कठडा तुटून तीन प्रेक्षक मेले होते. माणसांच्या जिवाशी खेळू नये हे आम्हालाही मान्य. पण तो कठडा वरच्या गॅलरीचा होता, जेरालचा नव्हता. शिवाय जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये आजही सुमारे पंचवीस हजार माणसे एका बाजूला उभी राहून सुरक्षितपणे लीगचे सामने पाहतात. याचा अर्थ सुरक्षितता आणि स्वस्त तिकीट यांचे वैर नाही. वैर लावायचे की नाही, हा निर्णय असतो.

२०१४ च्या विश्वचषकासाठी २०१० मध्ये स्टेडियम बंद करून आतून जवळजवळ नवे बांधले. २००० साली राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळालेल्या या वास्तूचे जुने छत पाडले, आतले थर मोडले, आलिशान कक्ष आले. कधीकाळी दोन लाख माणसे मावणारे स्टेडियम आता सुमारे ७८ हजारांचे झाले. खर्चाचा पहिला आकडा सुमारे सत्तर कोटी रियाल होता, तो शंभर कोटींच्या पुढे गेला. पैसा सरकारी, म्हणजे लोकांचा. काम करणाऱ्या मजुरांना मात्र २०११ मध्ये दोनदा संप करावा लागला, एकदा स्फोटात सहकारी जखमी झाल्यावर आणि एकदा खराब जेवणावरून. कोट्यवधींच्या स्टेडियममध्ये मजुराच्या ताटातले अन्न नासके होते, यापेक्षा वेगळे भाष्य आम्हाला करायचे नाही.

काम पूर्ण होताच २०१३ मध्ये ३५ वर्षांच्या कराराने स्टेडियम चालवायला दिले गेले ते ओदेब्रेश्त या बांधकाम कंपनीच्या नेतृत्वाखालच्या गटाला. बांधणाऱ्यांमध्येही हीच कंपनी होती. हे सगळे ज्यांच्या काळात झाले ते राज्यपाल सर्जिओ काब्राल यांना नोव्हेंबर २०१६ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली अटक झाली. त्या आरोपांत माराकानाच्या कामातली लाचही होती.

स्टेडियमच्या भिंतीबाहेरची 'तयारी' आणखी कठोर होती. अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर रेल्वेमार्गाला लागून मेत्रो-मांगेरा नावाची फवेला होती, सुमारे सातशे कुटुंबांची. २०१० पासून पालिकेचे लोक आले आणि घरांच्या दारांवर, भिंतींवर रंगाने पालिकेच्या गृहनिर्माण खात्याची आद्याक्षरे व आकडा लिहून गेले. पहिल्या शंभरेक कुटुंबांना शहराच्या पश्चिम टोकाला, कोस्मोस इथे पाठवले, पन्नास-साठ किलोमीटर दूर. रोजंदारी इथे, घर तिथे.

दारावरचा आकडा म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथेही एका सकाळी असेच लोक आले होते आणि लाल रंगाने आकडे टाकून गेले होते. त्या दिवसानंतर एका मावशींनी दाराला नवा रंग द्यायचा बेत सोडून दिला. "कशाला बाबा, पाडायचंच आहे," म्हणाल्या. घर पाडण्याआधी घराबद्दलची माया पाडली जाते. ते काम तो आकडा करतो.

आणि आता त्या नावाकडे येऊ. स्टेडियमच्या शेजारीच एकोणिसाव्या शतकातली एक जुनी वास्तू आहे. १९५३ साली मानववंशशास्त्रज्ञ डार्सी रिबेरो यांनी तिथे मूळनिवासींचे संग्रहालय सुरू केले. १९७० च्या दशकात ते दुसरीकडे हलवले आणि वास्तू ओस पडली. २००६ साली वेगवेगळ्या जमातींच्या मूळनिवासींनी तिथे राहायला सुरुवात केली. आमची भाषा, आमचे ज्ञान इथे शिकवू, असे म्हणाले. वस्तीचे नाव ठेवले माराकाना गाव. सरकारला ती जागा स्टेडियमच्या परिसरासाठी मोकळी हवी होती. २२ मार्च २०१३ रोजी दंगल पोलिसांनी अश्रुधूर आणि मिरचीचा फवारा वापरून त्यांना बाहेर काढले. स्टेडियमला मूळनिवासींच्या भाषेतले नाव चालते, मूळनिवासी चालत नाहीत.

वास्तू पाडायची आहे कारण फिफाला तसे हवे आहे, असे आधी सांगितले जात होते. फिफाने तशी मागणी केलीच नसल्याचे नंतर पुढे आले. कार्यकर्त्यांनी हा मुद्दा गाठीला बांधावा. 'वरून आदेश आहे', 'आंतरराष्ट्रीय अट आहे', असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न एकच विचारायचा. कागद दाखवा.

जे लढले, त्यांनी काय वाचवले?

हा इतिहास केवळ रडगाणे नाही. त्याच परिसरात एक सरकारी शाळा आहे. तिचे नाव फ्रीडेनराइख, १९१९ चा गोल करणाऱ्या त्या खेळाडूच्या नावाची. तीही पाडायची होती, शेजारचे जलतरण केंद्र आणि धावपट्टीचे मैदानही. पालक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. जून २०१३ मध्ये बसभाड्याच्या वाढीवरून पेटलेल्या आंदोलनात देशभर लाखो लोक उतरले, 'स्टेडियमला जागतिक दर्जा, मग दवाखान्याला का नाही' असे विचारू लागले. दोन-तीन महिन्यांत राज्यपालांना माघार घ्यावी लागली. शाळा वाचली. जलतरण केंद्र आणि मैदान पाडण्याचा बेतही रद्द झाला. जुन्या संग्रहालयाची वास्तू पाडली गेली नाही. मेत्रो-मांगेरातल्या पुढच्या कुटुंबांना, विरोध केल्यामुळे, दूर कोस्मोसऐवजी जवळच मांगेरा इथे घरे मिळाली. जी पहिली कुटुंबे घाबरून, एकेकटी गेली ती सर्वांत लांब फेकली गेली. जी थांबली आणि संघटित झाली, ती जवळ राहिली. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' याचा अर्थ किलोमीटरमध्ये मोजायचा असेल तर तो इथे मोजता येतो.

आणखी एक गोष्ट, आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती. माराकानाच्या समोरच रिओचे राज्य विद्यापीठ आहे. ते ज्या जमिनीवर उभे आहे तिथे आधी एस्केलेतो नावाची फवेला होती. १९६० च्या दशकात ती उठवून लोकांना शहराच्या कडेला विला केनेडी इथे नेले. म्हणजे या विद्यापीठाचा पायाही एका विस्थापनावर आहे. पण याच विद्यापीठाने २००३ पासून काळ्या आणि सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा लागू केल्या. असे करणाऱ्या ब्राझीलमधल्या पहिल्या विद्यापीठांपैकी ते एक. तिथेही 'मेरिट बुडेल' अशी ओरड झाली, लोक कोर्टात गेले. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वांशिक आरक्षण वैध ठरवले आणि ऑगस्टमध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी कायदा झाला.

तारखा शेजारी ठेवून पाहा. रस्त्याच्या एका बाजूला स्टेडियमचे दरवाजे काळ्या गरिबाला बंद होत होते. दुसऱ्या बाजूला, त्याच वर्षांत, वर्गाचे दरवाजे उघडत होते. पहिला दरवाजा बाजाराच्या हाती होता, दुसरा कायद्याच्या. आम्ही आरक्षणाची आणि संविधानाची बाजू इतक्या हट्टाने का घेतो, हे ज्यांना कळत नाही त्यांनी हा एक रस्ता पाहावा.

दिल्ली दूर नाही

आता घरी येऊ. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी नव्याने सजले. तिथेच २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले आणि भारतीय संघ आपले तिन्ही गटसामने तिथेच खेळला. आपल्याला आनंद झाला, व्हायलाच हवा होता.

पण त्या २०१० च्या तयारीचा हिशोब आपण विसरता कामा नये. अनुसूचित जातींच्या विकासासाठी असलेल्या उपयोजनेतले शेकडो कोटी रुपये, सुमारे सातशे कोटींच्या घरात, दिल्ली सरकारने राष्ट्रकुल स्पर्धेच्या कामांकडे वळवले होते. दलित मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारातून हे बाहेर काढले. संसदेत गदारोळ झाला आणि तत्कालीन गृहमंत्र्यांना निधी वळवल्याचे मान्य करावे लागले. आपल्या पोरांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, घरकुल यांचा तो पैसा. स्टेडियमच्या दिव्यांत आपला उजेड जळत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे खेळाच्या विरोधात नाही. आमची पोरे फुटबॉल खेळतात, खेळतील. स्टेडियम बांधू नका असेही आम्ही म्हणत नाही. आमचे प्रश्न चार आहेत. पैसा कोणत्या शीर्षाखालून आला? कोणाची घरे उठली आणि त्यांना किती किलोमीटरवर नेले? सर्वांत स्वस्त तिकीट एका दिवसाच्या मजुरीत बसते का? आणि स्पर्धा संपल्यावर ते मैदान कोणाच्या ताब्यात? जिथे जिथे 'भव्य क्रीडासंकुला'चा फलक लागेल तिथल्या तरुणांनी हे चार प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात लिहून द्यावेत. दहा रुपये लागतात.

माराकानाचे पुढे काय झाले तेही सांगतो. २०१४ च्या विश्वचषकात तिथे सात सामने झाले. ब्राझीलचा संघ उपांत्य फेरीत जर्मनीकडून १-७ ने हरल्यामुळे त्यातला एकही सामना तिथे खेळला नाही. २०१६ चे ऑलिंपिक झाले आणि २०१७ च्या सुरुवातीला तेच स्टेडियम बेवारस पडले. सरकार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत होते, गवत वाळले होते, खुर्च्या उखडल्या होते आणि बिल थकल्याने वीज तोडली होती. ज्यांच्यासाठी मैदान रिकामे केले ते महिनाभर राहून गेले. ज्यांना रिकामे केले ते अजून कोस्मोसहून पहाटेची गाडी पकडून कामावर येतात.

चवदार तळे सार्वजनिक होते. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. तळे कागदावर सर्वांचे आणि प्रत्यक्षात काहींचे. बाबासाहेब तिथे पाण्यासाठी गेले नव्हते. इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करायला गेले होते. लोकांच्या पैशाने बांधलेले प्रत्येक स्टेडियम हेही असेच एक सार्वजनिक तळे आहे. त्याच्या काठावर कोण उभे आहे आणि कोणाला उभे राहू दिले जात नाही, हे पाहत राहणे आपले काम आहे.

नववीतला तो मुलगा आता नोकरी करतो. त्या रात्री त्याला जे अर्धे उत्तर दिले होते, त्याचा उरलेला अर्धा भाग हा आहे.

जय भीम!